पांझरेत बोटी आणण्याआधी पांझरेत पाणी आणा

पांझराकाठ (जुने धुळे)

परवा संध्याकाळी आपल्या धुळ्यात पांझरा नदीच्या मोठ्या पुलावर थांबलो होतो. कठड्याला टेकून चार पोरं बोलत होती, त्यांचं ऐकत राहिलो. खाली बंधारा घालायचा, पाणी तुंबवायचं, नदीपलीकडच्या देवपूर भागाच्या बाजूला बोटींचा धक्का करायचा, दोन्ही काठांना फरशी, दिवे, खाऊगल्ली. "साबरमतीसारखं," एकजण म्हणाला. ही कल्पना गावाला नवी नाही. दर काही वर्षांनी ती वर येते, मोबाईलवर चित्रं फिरतात, चित्रांत पाणी निळंशार असतं, मग विषय विरून जातो. सध्या पुन्हा जोरात बोललं जातंय म्हणून इथे चर्चेचा धागा काढतो. कुठल्या मंजूर आराखड्याबद्दल मी बोलत नाही, कल्पनेबद्दलच बोलतो. कल्पना एकदा लोकांच्या मनात बसली की आराखडा यायला वेळ लागत नाही.

नदीकाठ चांगला व्हावा असं मलाही वाटतं. तुंबवलेलं पाणी आणि त्यावरचा धक्का, याला माझा विरोध आहे.

पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांतून येते, धुळ्यातून पुढे जाऊन उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीला मिळते. वर लाटीपाडा धरण आहे, उपनद्यांवर मालनगाव, जामखेली ही धरणं आहेत आणि खाली अक्कलपाड्याचा निम्न पांझरा प्रकल्प. म्हणजे पावसाळा सरला की धुळ्याच्या पात्रात येणारं स्वच्छ पाणी कुणीतरी दरवाजा उघडून सोडलेलं असतं. बाकी जे वाहताना दिसतं ते गावाच्या नाल्यांचं. बोटी कशावर चालवणार? धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालवायच्या तर ते पाणी कुणाच्या तरी घशातून किंवा शेतातून काढावं लागेल. नाल्याच्या पाण्यावर चालवायच्या तर नाकाला रुमाल लावून कोण बसणार?

साबरमतीचं उदाहरण सगळे देतात. अहमदाबादला नदीत दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. शेजारून एवढा मोठा कालवा जातो म्हणून तिथे ते जमलं. पात्राची रुंदी एकसारखी करून सुमारे २०० हेक्टर जमीन काढली, आणि त्यासाठी काठावरच्या दहा हजारांहून जास्त कुटुंबांना उठून दुसरीकडे जावं लागलं. आपल्या शेजारून नर्मदेचा कालवा जात नाही. काठावर राहणारी माणसं मात्र आपल्याकडेही आहेत.

आणि पूर. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळ्याची घरंदारं, मालमत्ता यांचं मोठं नुकसान केलं होतं, इंग्रजांच्या गॅझेटियरात त्याची नोंद आहे. तेवढं मागे जायलाच नको. ऑगस्ट २०१९ आपण सगळ्यांनी पाहिलाय. वरची धरणं भरली, पाणी सोडावं लागलं, कमी उंचीचे पूल पाण्याखाली गेले, काठावरच्या घरांतली माणसं हलवावी लागली. वर्षातले दहा महिने कोरडी दिसणारी नदी दोन दिवसांत आपली सगळी जागा परत मागते. त्या जागेत आपण फरशी आणि खाऊगल्ली मांडणार.

मी चौथीत असताना वडिलांनी मला याच नदीत पोहायला शिकवलं. कमरेला दोर बांधून डोहात सोडायचे. आता माझ्या नातवाला मी त्याच जागी पाय बुडवू देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: आधी नाले थांबवा, थोडं का होईना वाहतं पाणी आणा, पुराची जागा मोकळी ठेवा. बोटीचं त्यानंतर बोलू.

देवपूरचा सायकलवाला

काका, तुमचं मन कळलं, पण मला हे पटत नाही. "आधी सगळं शुद्ध होऊ द्या, मग काठावर या" असं आपण माझ्या जन्मापासून म्हणतोय. मी सव्वीस वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत नाले थांबले का? थांबले नाहीत, कारण नदीकडे बघतंय कोण? धुळ्याने नदीकडे पाठ केलीय. घरांचे मागचे दरवाजे नदीकडे, कचरा नदीकडे, मेलेलं जनावर नदीकडे. पुढचा दरवाजा आग्रा रोडकडे. नदीकाठचे रस्ते झाले तेव्हा कुठे माझ्यासारख्याला कळलं की आपल्या गावात नदी एवढी लांब आहे. आता मी रोज पहाटे तिथून सायकल चालवतो. वास येतो म्हणून मी दोनदा तक्रार केली. रस्ता नसता तर मला वास आला नसता आणि तक्रारही झाली नसती. माणसं काठावर आली तरच नदी स्वच्छ होईल, हा माझा क्रम आहे. तुमचा उलटा आहे.

पाण्याबद्दल. गयेला फल्गू नदी आहे, ती आपल्या पांझरेपेक्षा कोरडी. तिथे विष्णुपद मंदिरापाशी २०२२ साली रबरी बंधारा झाला, ४११ मीटर लांबीचा. फुगवला की पाणी थांबतं, पूर आला की हवा काढून तो खाली बसवायचा. म्हणजे पुरालाही वाट मोकळी. हे आपल्याकडे का नको? वर्षभर नाही तर नाही, जुलै ते डिसेंबर तरी चालेल. सहा महिने पाणी दिसलं तरी या गावाचा चेहरा बदलेल.

आणि अडवलेलं पाणी वाया जातं हे कुणी सांगितलं? आपल्याच जिल्ह्यात शिरपूरने २००४ पासून नाले रुंद-खोल करून, त्यावर बिनदरवाजाचे सिमेंट बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांचं ते काम बघायला महाराष्ट्रभरातून लोक येतात. शिरपूरला बंधारा घातला की आपण टाळ्या वाजवतो, धुळ्यात घातला की विरोध करतो. देवपूरच्या विहिरी, बोअर यांना पाझर मिळेल की नाही?

शेवटचं, आणि हे मला मनापासून बोलायचंय. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पुण्याला गेली, काही नाशिकला, काही सुरतेला. राहिलेल्यांना संध्याकाळी बसायला जागा कुठे आहे? मे महिन्यात रात्री नऊ वाजताही गच्ची तापलेली असते. नदीवर वारा असतो. त्या वाऱ्यावर आमचा काही हक्क आहे का नाही?

जिभाऊ (न्याहळोदकडचा)

तुम्ही दोघं धुळ्याचं बोलताय. पांझरा तुमनी एकलास्नी नही, खाले आम्हीबी बठेल शेतस. म्हणजे नदी एकट्या तुमची नाही, धुळ्याच्या खाली न्याहळोदला आम्हीही आहोत.

बोलीत लिहिलं तर सगळ्यांना कळणार नाही म्हणून पुढचं पुस्तकी लिहितो. आमच्या पट्ट्यात फड पद्धत आहे, किंवा होती म्हणा. कुणी म्हणतं तीनशे वर्षांची, कुणी चारशे. नदीवर दगडी बंधारा, त्याला दरवाजे नाहीत, पंप नाही, इंजिन नाही. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालचं सगळं रान म्हणजे थळ, थळाचे फड, म्हणजे भाग, पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुणी मधेच आपला ऊस घुसवायचा नाही. प्रत्येकाची जमीन सगळ्या फडांत थोडी थोडी, म्हणजे पाणी कमी पडलं की सगळ्यांनाच कमी पडतं. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून. सरकारी शिपाई कुणी नाही. माझे आजोबा पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन पाटावरून चालायचे आणि पाण्याच्या आवाजावरून सांगायचे की वर कुठे फुटलंय.

या पद्धतीत वरच्या बंधाऱ्याने पाणी घेतल्यावर खालच्यासाठी सोडायचं असतं. खालच्याचा हक्क वरच्याच्या मर्जीवर नसतो. वरती धरणं झाली तशी आमच्या पाटांना धार कमी झाली. ऊस, भात गेलं, कपाशी आली, विहिरी खोल गेल्या. आता उन्हाळ्यात आम्ही काय करतो? अक्कलपाड्यातून आवर्तन, म्हणजे धरणाचं पाळीचं पाणी, सोडा म्हणून निवेदनं देतो. ते पाणी नदीतून येतं, वाळूत मुरत मुरत, आणि निम्मं गावाच्या वरच संपतं. पिण्यासाठी मागितलेलं असतं ते.

सायकलवाल्या भाऊ, तुझा रबरी बंधारा धुळ्यात फुगला की ते आवर्तन आधी तुझ्या बोटीखाली थांबणार. बंधारा भरून वाहू लागेपर्यंत आमच्याकडे थेंब येणार नाही. आणि येईल ते काय येईल, तर तुमच्या नाल्यांचं मिसळलेलं. शिरपूरचं उदाहरण दिलंस ते चांगलं आहे, पण तिथे नाल्यात पावसाचं पाणी थांबवलं शेतीच्या विहिरींसाठी. त्याच्यावर नाव चालवायला नाही.

आदी पानी आना, मंग नाव आना.

खोल गल्लीतला दुकानदार

मी सायकलवाल्याच्या बाजूने. एकवीरा देवीच्या यात्रेला बाहेरगावचे हजारो लोक येतात, दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांना एक रात्र थांबवेल असं आपल्याकडे काही नाही. नदीकाठ झाला तर लॉजवाला, भेळवाला, रिक्षावाला, सगळ्यांना दोन पैसे मिळतील. पर्यावरण आम्हालाही कळतं, पण संध्याकाळी गल्ला उघडल्यावर काय दिसतं तेही बघावं लागतं.

पूल-बंधारे (निवृत्त, स्थापत्य)

नोकरीत असताना याच खोऱ्यात काम केलं, म्हणून काही तांत्रिक गोष्टी सांगतो. कुणाची बाजू घ्यायला नाही. अर्थात वाचून झाल्यावर बाजू दिसेलच.

नदीला दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. पात्र आणि निळी रेषा यांमध्ये निषिद्ध क्षेत्र, तिथे बांधकाम चालत नाही. निळी आणि लाल यांमध्ये नियंत्रित क्षेत्र. धक्का, फरशी, खाऊगल्ली कुठे येणार याचं उत्तर आधी या नकाशावर द्यावं लागेल. चित्र काढणारा ही रेषा काढत नाही. मी अशी चित्रं पुष्कळ पाहिली आहेत.

रबरी बंधाऱ्याबद्दल. हवा काढून तो खाली बसतो हे खरं. पण त्याआधी गाळाचं बघा. पांझरा पावसाळ्यात वाळू आणि गाळ घेऊन येते. थांबलेल्या पाण्यात तो गाळ बसतो. पांझरेवर अशी कामं नवीन नाहीत. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीच्या काळातच धुळ्याकडे पांझरेवर नळाचा सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा बंद नळ, बसवायचं काम त्यांच्याकडे आलं. ज्या माणसाने पुढे खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, त्याने नदीचे सुरुवातीचे धडे आपल्या पांझरेत घेतले. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो आणि गावात ती फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून विषय सोडून एवढं लिहिलं.

आता पाझराचं. सायकलवाले म्हणतात विहिरींना पाझर मिळेल. मिळेल. पण विहिरीत पाझर कशाचा जाईल हे थांबलेल्या पाण्यावर ठरतं. वाहत्या नाल्याचा काही भाग पुढे निघून जातो, तुंबवला की तो तिथेच मुरतो. देवपूरमध्ये ज्यांच्या घरी हातपंप किंवा बोअर आहे त्यांनी हा विचार करावा. नाले अडवून, शुद्ध करून मग पाणी थांबवलं तर पाझर हा फायदा आहे. त्याआधी थांबवलं तर तो तोटा आहे. क्रम इथे महत्त्वाचा आहे, आणि या एका मुद्द्यावर मी धागा काढणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

पण त्यांचीही एक गोष्ट पटली नाही. "पुराची जागा मोकळी ठेवा" म्हणजे तिथे काहीच करू नका असं नाही. पुरात बुडाल्याने ज्याचं काही बिघडत नाही ते सगळं करता येतं. दगडी पायऱ्या, घाट, गवताचं मैदान, झाडं, चालायची वाट. आपल्या जुन्या लोकांनी घाट बांधले ते याच हिशोबाने. पूर आला की बुडायचे, ओसरला की धुऊन पुन्हा वापरायचे. विजेचे खांब, दुकानं, काचेची उपाहारगृहं यांचं तसं नसतं.

पांझराकाठ

पूल-बंधारे साहेब, घाटाचा मुद्दा मान्य. माझ्या लिहिण्यात तो राहून गेला.

सायकलवाल्या, तुझ्या सहा महिन्यांवर मी रात्री वहीत एक गणित मांडलं. धरून चालू की तुझं पाणी दोन किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद. म्हणजे दोन लाख चौरस मीटर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला आठ मिलिमीटर तरी उडून जातं. दोन लाखाला आठ मिलिमीटरने गुणलं की दिवसाला सोळा लाख लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असं मोजमाप धरतात. या हिशोबाने जवळपास बारा हजार माणसांचं रोजचं पाणी आपण आकाशाला देणार. तू म्हणशील मी मे महिन्याचं बोलतच नाही. पण धक्का बांधल्यावर, बोटींचा ठेका दिल्यावर, दुकानं लागल्यावर जानेवारीत पाणी सोडून द्यायला कोण तयार होईल? ठेकेदार म्हणेल मार्चपर्यंत ठेवा, दुकानदार म्हणतील सुट्ट्यांपर्यंत ठेवा. आणि आवर्तन मागायला न्याहळोदसोबत एक नवा मागणारा उभा राहील.

माझ्या घरी आठ-आठ दिवसांनी नळ येतो. त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरून ठेवायची, वाट्यासुद्धा. बायकोने माझं गणित वाचलं आणि वही मिटून ठेवली. तिला बोटीचा राग नाही, पाण्याचं मोजमाप तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं एवढंच.

उधना ते धुळे

मी कामासाठी वीस-एक वर्षं सुरतेला होतो. आपल्याकडचे हजारो लोक तिथे आहेत, त्यामुळे सुरतेचं सांगतो.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला तेव्हा मी रांदेरला भाड्याने राहत होतो. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला. आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो, शेजारच्या इमारतीतून दोरीने बिस्किटं येत होती. तोपर्यंत मीही तापीच्या काठावर फ्लॅट बघत होतो. नदी दिसते म्हणून महाग, आणि मला तो परवडणार याचा आनंद होता. पूर ओसरल्यावर ज्या इमारतीत मी घर बघितलं होतं तिच्या जिन्यात कमरेएवढा चिखल होता.

त्याच सुरतेत सिंगणपोरचा कोझवे, म्हणजे नदी अडवणारा ठेंगणा पूल, आहे. त्याच्या वर गोडं पाणी थांबतं आणि शहर ते पितं. म्हणजे नदी अडवणं वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. पण थांबलेल्या त्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि ती काढायला यंत्रं लावावी लागतात. सुरतेकडे पैसा आहे, यंत्रं आहेत, बारमाही तापी आहे. तरी त्यांना ते जड जातं. आपल्याकडे पहिल्या वर्षी जलपर्णी काढतील, दुसऱ्या वर्षी काढतील, तिसऱ्या वर्षी काय?

बोटी चालवायच्याच असतील तर आपल्याच भागात तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशे असे बॅरेज, म्हणजे दरवाजांचे बंधारे, आहेत. पाणी आहे, रुंदी आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांच्या बाजारासाठी माणसं लांबून येतात. तिथे धक्का करा. नदीने जिथे पाणी दिलंय तिथे नाव न्यावी.

देवपूरचा सायकलवाला

सारंगखेडा माझ्या सायकलवर नाही ना, दादा. मी माझ्या गावाच्या नदीबद्दल बोलतोय. "बोट हवी तर तिकडे जा" हे ऐकून ऐकूनच आम्ही सगळे तिकडे गेलोय.

तरी काकांचं गणित मी दोनदा करून बघितलं. बरोबर आहे. मेमध्ये पाणी ठेवायचं नाही, यावर मी येतो. ठेकेदाराचा मुद्दाही खरा आहे, तो माझ्या डोक्यात नव्हता.

एकवीरेची लेक

सगळं वाचलं. सगळी माणसं, म्हणजे पुरुष माणसं, पाण्यावर बोलताहेत. मी काठावर बोलते.

काकांनी सुरुवात केली की "मोठ्या पुलावर थांबलो होतो." मी कधी थांबले नाही. बाईमाणूस पुलावर एकटं थांबत नाही. माझं माहेर देवपुरात, एकवीरा देवी आमची कुळस्वामिनी, माझ्या दोन्ही मुलांची जावळं तिथेच काढली. चैत्राच्या यात्रेत नदीकाठी बायकांची किती गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. रात्रभर थांबलेल्या बायका पहाटे कुठे जातात? अंधार असेपर्यंत उरकून घेतात, बाभळीच्या आड, एकमेकींना पाठ करून. तिथे पायऱ्यांवर शेवाळ, उजेड नाही, पाण्यात पाय धुवावा तर पाण्याचा रंग बघून मन होत नाही.

म्हणून कुणी मला म्हणालं की काठ विकसित करू नका, तर मी ऐकणार नाही. मला घाट हवा, दिवे हवेत, स्वच्छतागृह हवं, बसायला ओटा हवा, आणि सासूबाईंना धरून खाली नेता येईल अशी उतरती वाट हवी. हे मागायला मी बोटीची वाट का बघू? सायकलवाल्या भावाला राग येईल, पण मला भीती हीच आहे की बोट आली की सगळा पैसा बोटीला जाईल आणि स्वच्छतागृह दुसऱ्या टप्प्यात ढकललं जाईल. दुसरा टप्पा आमच्या वाट्याला कधीच येत नाही.

आणि काठावर झोपड्यांत राहणाऱ्या बायका, त्यातल्या दोघी आमच्याकडे कामाला येतात. त्यांना कुणी विचारलंय का? २०१९ च्या पुरात त्यांची भांडी गेली. त्यांना तिथून हलायचंय, पण गावाबाहेर दहा किलोमीटरवर नेऊन टाकणार असाल तर नको म्हणतात. कामाची घरं इथे आहेत.

पांझराकाठ

ताई, बरोबर बोललात. पुलावर थांबायची मोकळीक मला होती, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही.

तुमची यादी मी माझ्या म्हणण्यात घेतो: घाट, उजेड, स्वच्छतागृह, उतरती वाट, आणि काठावरच्या कुटुंबांना गावातच जागा. पूल-बंधारे साहेबांच्या हिशोबात बसतंय का?

पूल-बंधारे (निवृत्त, स्थापत्य)

घाट आणि वाट निळ्या रेषेच्या आत चालतील. स्वच्छतागृह आणि दिव्यांची पेटी वर, रेषेच्या बाहेर. यात्रेच्या दिवसांपुरती फिरती सोय खाली आणता येते. पाण्याचं म्हणाल तर काम उगमापासून सुरू व्हायला हवं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखून दाखवलंय, चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याचसाठी. डोंगरात झाड राहिलं तर झरा राहतो, झरा राहिला तर डिसेंबरनंतरही नदीत ओल टिकते. याला वेळ लागतो आणि याचं चित्र काढून फिरवता येत नाही.

खोल गल्लीतला दुकानदार

म्हणजे पंधरा वर्षं थांबा असंच ना? तोपर्यंत मी दुकान मुलाला दिलेलं असेल आणि तो ते विकून पुण्याला गेलेला असेल. मला अजूनही वाटतं की एक छोटा बंधारा करून बघायला हरकत नाही.

जिभाऊ (न्याहळोदकडचा)

करून बघा शेठ, पण आधी कागदावर लिहून द्या: आवर्तनाचं पाणी धुळ्यात अडवणार नाही, त्या दिवसांत बंधारा पूर्ण खाली बसेल, आणि बसलाय की नाही हे बघायला खालच्या गावांचा माणूस तिथे असेल. पाटकऱ्यासारखा. आमच्या थळात असाच नियम होता, तोंडी होता आणि तरी कुणी मोडत नव्हतं. तुम्ही लेखी द्या.

देवपूरचा सायकलवाला

जिभाऊ, आपल्या मागण्यांचा अर्ज मी लिहितो, त्यात ही अट घालतो. पाटकऱ्याचीही. नाले आधी, हेही घालतो. ताईंचं स्वच्छतागृह पहिल्या टप्प्यात. पण जुलै ते डिसेंबर पाण्यावर दोन-चार वल्ह्याच्या होड्या असाव्यात, ही मागणी मी काढणार नाही. त्यावर माझं तुमच्याशी भांडण राहील.

पांझराकाठ

राहू दे. मीही माझं सोडत नाही.

पण अर्जाला पुराची रेषा जोडावी लागेल, आणि ती कागदावरून घेण्याआधी डोळ्यांनी बघावी असं वाटतं. २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा काही भिंतींवर अजून आहेत, काठावरच्या लोकांना पायरी न् पायरी पाठ आहे. रविवारी सकाळी सात वाजता गणपती पुलाशी येतो. टेप, खडू आणि वही आणतो. साहेब, तुम्ही आलात तर फार बरं होईल. ताई, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या दोघींना वेळ असेल तर पाणी कुठे होतं ते त्यांच्याकडूनच विचारून घेऊ.

एकवीरेची लेक

विचारते त्यांना. सातला त्यांची धुणीभांडी असतात, साडेनऊला जमेल.

देवपूरचा सायकलवाला

साडेनऊला येतो. देवपूरकडून मोजायला सुरुवात करू.